गॅलरीतला प्रेक्षक

"आबा, उठा! मॅच पॉइंट!" नात ओरडली. विम्बल्डनची फायनल होती. आबा चहाचा कप घेऊन मुकाट गॅलरीत गेले. सुनेनं मागून काचेचं दार लावून घेतलं.

मे महिन्यात पॅरिसला आबांचा लाडका खेळाडू हरला, तेव्हा मुलगा हसत म्हणाला होता, "आबा, तुम्ही बघायला बसलात की तो हरतो." तेव्हापासून मोक्याच्या पॉइंटला आबांनी उठायचं, असा नियमच झाला. खरं तर या घराला टेनिसचं वेड लावलं होतं आबांनीच.

आत एकच जल्लोष झाला. तो जिंकला होता. "तुम्ही उठलात म्हणून हो!" म्हणत सुनेनं त्यांना पेढा भरवला. आबाही खळखळून हसले.

पुढच्या रविवारी नातीची क्लबातली फायनल होती. तिला रॅकेट धरायला आबांनीच शिकवलं होतं. टोपी घालून, बूट चढवून ते सगळ्यांच्या आधी दारात उभे.

"आबा, तुम्ही नका ना येऊ," नात म्हणाली.

आबांनी हसून मुलाकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधत राहिला.

आबांनी बूट काढले, गॅलरीत गेले आणि काचेचं दार स्वतःच ओढून घेतलं.