ड्रॉइंगमध्ये नसलेल्या सळया

पूल कोसळायची बांधकाम खात्याच्या संगणकातल्या मॉडेलने सांगितलेली वेळ, चार वाजून दहा मिनिटं, टळून गेली आणि वाळकी नदीवरचा पूल उभाच राहिला. वीस वर्षांत मॉडेल एकदाही चुकलं नव्हतं. बघायला जमलेली माणसं हिरमुसून घरी गेली.

हा पूल बांधणाऱ्या पोंक्षेबाई काठावरच्या दगडावर थकून बसल्या होत्या. "सळया बांधणाऱ्या गेनबाने प्रत्येक खांबात दोन सळया जास्त घातल्यात," त्या खात्याच्या इंगवल्यांना म्हणाल्या. "माझ्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. शेवटचा खांब भरल्यावर मला कळलं, आणि मी त्याला कामावरून काढलं."

"ड्रॉइंगमध्ये आहेत का त्या?"

"नाहीत."

"मग मॉडेलच्या लेखी त्या नाहीतच, बाई. पूल पडल्याचा अहवाल वर गेलाय. आता पाडावाच लागणार." इंगवल्यांच्या आवाजात नुसता कंटाळा होता.

पाडकामाला मॉडेलने चार तास दिले. पाडकाम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पोंक्षेबाई पुन्हा आल्या, तेव्हा यंत्र पहिल्याच खांबापाशी अडलं होतं. फुटलेल्या काँक्रीटमधून सळया दिसत होत्या. बाईंनी त्या एकेक करून मोजल्या. दोन जास्त भरल्या.