लाकडाची बांगडी

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी सुताराचा उजवा हात गेला. लग्नातल्या खुर्च्यासुद्धा त्यानंच केल्या होत्या. पाहुणे पांगले आणि आठवड्याच्या आत हात लुळा पडला.

चाळीस वर्षं त्याचा एक नेम होता. काम आटोपलं की कारखान्यातच हात धुवायचे, डोळे मिटायचे आणि दिवसभरात काय केलं ते देवाला सांगायचं. "दोन खुर्च्या झाल्या. तिसरीचे पाय बसवलेत." बायको हसायची. "देव काय तुमचा मुकादम आहे?"

हात गेल्यापासून कारखान्याला कुलूप होतं. "कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढे?" सुतार एवढंच म्हणायचा.

एका दुपारी तो चिमीला भरवत होता. चिमी त्याची धाकटी बहीण. केस पिकले, पण समज चार वर्षांच्या पोरीएवढीच राहिली. आईबाप गेल्यापासून ती जेवायची ती त्याच्याच हातून. आता डाव्या हातातला चमचा हिंदकळायचा, निम्मं तिच्या मांडीवर सांडायचं आणि ती खुदकन हसायची.

"दादा, बांगड्या दे."

रंधा मारला की लाकडाची पातळ वेटोळी निघतात, ती तिच्या बांगड्या.

"संपल्या गं बांगड्या."

बायको दारातून बघत होती. "कशाला एवढा जीव टाकता तिच्यावर? जन्मात इकडची काडी तिकडे केली नाही तिनं."

चमचा जागीच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात बायको असं कधी बोलली नव्हती.

"जीभ आवर! बहीण आहे माझी. तिनं आधी कामं करून दाखवायची आणि मग मी भरवायचं, होय?"

"नाही ना?" बायकोनं ताट उचललं. "मग झालं तर."

ती आत गेली. सुतारानं डाव्या हातानं चिमीच्या मांडीवरचं सांडलेलं पुसलं.

दिवस कलायला लागला तसा तो उठला आणि किल्ली मागितली.

"थांबा, मी उघडून देते."

"नको."

कुलूप गंजलेलं. डाव्या हातातून किल्ली तीनदा पडली. तीनदा वाकून त्यानं ती उचलली. चौथ्यांदा कुलूप निघालं.

आत चौथा पाय बसवायचा राहिलेली खुर्ची होती तशीच उभी होती. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धुतला, डोळे मिटले. सवयीनं तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"आज काही झालं नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "उद्याही व्हायचं नाही. पण मी येणार. रोज येणार."

चिमी मागोमाग आली होती. कोपऱ्यातल्या भुशात तिला एक जुनं वेटोळं सापडलं. फुंकर मारून तिनं ते दादाच्या लुळ्या मनगटात चढवलं.

धाकट्या मुलीला मुलगा झाला त्या वर्षी, पहिल्या थंडीत, चिमी वारली. सुतार तिच्यामागून सात महिन्यांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, कारखान्यात वारला.