वद् धातू चालवा

माझे सासरे संस्कृतचे मास्तर. निवृत्त झाले तरी जेवायच्या टेबलावर त्यांचा तास सुरूच असायचा. "वाद, संवाद, अनुवाद, सगळी वद् धातूची लेकरं!" असं म्हणून आम्हाला तो धातू चालवायला लावायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

दोन महिन्यांपूर्वी मी माहेरी गेले होते, तेव्हा ते जिन्यावरून गडगडले. घरात फक्त माझा नवरा होता. डोक्याला मार लागून त्यांची वाचाच गेली, म्हणून त्यांची खाट खाली आणली. नवरा खोलीत आला की ते डोळे मिटून घ्यायचे. लेकाला आपली दशा दिसू नये म्हणून असेल.

आज स्पीच थेरपिस्ट आल्या. मी त्यांना सासऱ्यांचं हे वेड सांगितलं, तर त्या सहज म्हणाल्या, "वदति, वदतः..."

"वदन्ति," सासरे म्हणाले. आणि पुढची रूपंही घडाघडा आली, थेट 'वदामः'पर्यंत! मला रडूच फुटलं.

"पाठांतर शाबूत आहे. त्याचं बोट धरून बाकीचं बोलणंही येईल," बाई म्हणाल्या. "कसे पडले, ते महिन्याभरात स्वतःच सांगतील बघा."

नवरा त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.



"बाबांची खाट आजच परत वर नेतो," तो म्हणाला, "तू जाऊन ये की दोन दिवस माहेरी."