बाजाराची गोळी

"पट्टी सरली म्याडम. दुसरी लिहून द्या," म्हणत लालीबाईनं औषधाची रिकामी पट्टी टेबलावर ठेवली.

डॉक्टर अनघानं ती उचलून उलटसुलट पाहिली. दहातली एकही गोळी शिल्लक नव्हती. महिना अजून भरायचा होता, आणि गोळी होती आठवड्याला एक.

"लालीबाई, ही गोळी कशी घेत होता तुम्ही?"

"तुमी सांगतली तशीच. बाजाराच्या दिवशी एक. एक बाजार चुकवला नाही, इचारा संगीताले."

दाराशी उभ्या असलेल्या संगीतानं, तिच्या सुनेनं, मान हलवली.

बाजाराची ही युक्ती अनघाचीच. वार लोक विसरतात, बाजार कोणी विसरत नाही, हे दारव्ह्यात दवाखाना थाटल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात आलं होतं. तेव्हापासून आठवड्याची गोळी ती सगळ्यांना बाजाराच्या दिवशी घ्यायला सांगायची. आपल्याला इथली माणसं कळली, असं तिला त्यावरून वाटायचंही.

"तुम्ही आठवड्यात किती बाजार करता?"

"तीन. दारव्हा, नेर अन् लाडखेड. कपाशीत बोंडअळी शिरली तवापासून मिरची-लसनावरच तं घर चालून राह्यलं."

अनघानं पेन खाली ठेवलं. "तोंड उघडा."

जिभेच्या कडेला आणि गालांच्या आत पांढरे फोड आले होते. लालीबाईला त्यांचं काही विशेष वाटत नव्हतं. दिवसभर मिरच्यांत बसणाऱ्या बाईचं तोंड जळणारच, अशी तिची समजूत.

"ही गोळी आजपासून बंद," अनघा म्हणाली. "आत्ता रक्त तपासायला द्या. ते ठीक आलं की पुन्हा सुरू करू, पण आठवड्याला एकच. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

चूक कोणाची, याच्याशी लालीबाईला देणंघेणं नव्हतं. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"हे पाहा."

याच हातांना आधी सगळे चिकनगुनियाचे म्हणायचे. मग अनघानं रक्त तपासून आमवात सांगितला. दुखण्याला नवं नाव मिळालं, बोटं मात्र होती तशीच राहिली. पहिल्या औषधानं जरा सुटली, पण चेहरा सुजला. ते औषध कमी केलं तशी मूठ पुन्हा वळेना. त्यानंतरची ही गोळी.

"तराजू म्याच धरतो आता," लालीबाई म्हणाली. "मिरचीच्या बोऱ्याची गाठ म्याच सोडतो. तोंड जळते तं जळू द्या, भाकर दुधात चुरून खाईन. पण माह्ये हात नका नेऊ म्याडम."

"ते तोंडावर थांबणार नाही, लालीबाई. केस गळतील, अंगातलं रक्त कमी होईल. साधा ताप आला तरी जिवावर बेतेल. तुम्हीच नाही राहिलात तर हात काय करायचे?"

लालीबाई बोटांकडे बघत राहिली.

"म्हंजे हात पुन्हा जातीन?"

खोटं बोलणं सोपं होतं. अनघाच्या ते ओठांवरही आलं. "काही दिवस जातील," ती म्हणाली. "दोन-तीन आठवड्यांत आखडायला लागतील. मग गोळी सुरू झाली की हळूहळू सुटतील."

"एका गोळीनं एवढे सुटतीन?"

"ते आज नाही सांगता येणार."

अनघानं चिठ्ठी पुढे ओढली. या खेपेला तिला चुकायचं नव्हतं.

"डोक्यावरून न्हाता कधी?"

"हे कायले पायजे तुमाले?"

"सांगा तर."

लालीबाईनं वार सांगितला.

"आठवड्यात तेवढाच एक दिवस?"

"तेवढाच. संगीताले बाजारातून सवड भेटली पायजे ना. तेच धुते माह्ये केस."

अनघानं चिठ्ठीवर पुढच्या गोळीचा दिवस म्हणून तो वार मोठ्या अक्षरात लिहिला आणि संगीताकडून दोनदा म्हणून घेतला.

रक्त देऊन दोघी ओसरीतल्या बाकावर येऊन बसल्या. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. सकाळी जीपमध्ये वाऱ्यानं लालीबाईचे केस विस्कटले होते. संगीतानं सवयीनं पिशवीतून फणी काढली. ती लग्न होऊन तांड्यावर आली त्याच वर्षी सासूचा हात डोक्यापर्यंत पोचेनासा झाला, तेव्हापासून फणी तिच्याकडेच होती. हात सुटल्यावर तराजू सासूकडे परत गेला, गाठी परत गेल्या, पण फणीचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आण इकडं," लालीबाई म्हणाली.

तिनं पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि फणी कपाळापासून मागं ओढली. हात अगदी मानेपर्यंत गेला. फणी खाली आली तेव्हा तिच्यात केसांचा पुंजका अडकलेला होता.

संगीता घाबरून सासूला म्हणाली, "याडी, केस निघून राह्यले. द्या, मी हळू विंचरतो."

"निघू दे."

लालीबाईनं पुंजका फणीतून सोडवला, बोटाभोवती नीट गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मग फणी पुन्हा डोक्याला लावली.