नऊशे ऐंशीच्या पुढे

"नऊशे साठ, नऊशे सत्तर, नऊशे ऐंशी," दामिनी म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

"नऊशे."

वच्छलाबाईनं हातातला चिंचोका परातीत टाकून दिला. एक चिंचोका म्हणजे दहा, शंभर चिंचोके म्हणजे हजार. अठ्ठ्याण्णव चिंचोके नात बिनचूक चालायची आणि नव्व्याण्णवाव्यावर माघारी फिरायची. सकाळपासून ही तेरावी खेप होती.

"काहून वं माय? एवढं चांगलं येते, अन् दाराशी येऊनच काहून पडते?"

दामिनीला खोकला आला तो तिनं फ्रॉकच्या बाहीत दाबला.

कोराडीत दोरीवरच्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत वीजकेंद्राची राख बसते. कपडे झटकता येतात. सात वर्षांच्या पोरीच्या छातीत बसलेली राख कशी झटकायची? डॉक्टरनं तर सरळच सांगितलं होतं, हिला इथून हलवा, अजून दोन हिवाळे इथं काढले तर छाती कामातून जाईल.

हलवायला जागा एकच होती. वच्छलाबाईची लेक वंदना शहरात, धरमपेठेत राहायची. शाळा मिळाली तरच पोरीला ठेवतो, असं जावयानं स्वच्छ सांगितलेलं. जवळच्या शाळेत दुसरीत एकच जागा रिकामी होती आणि तिथल्या बाई मुलांना दहा-दहाच्या टप्प्यानं हजारापर्यंत म्हणायला लावत. शुक्रवारी बोलावलं होतं. आज बुधवार.

"आजी, तू येशील का तिथं राहाले?"

"मी येऊन काय करू? त्याईची खोली केवढीशी."

"मग दुपारी तुह्याजवळ कोण?"

"मले कोण पाहिजे वं? दार लोटून पडून राहीन. तू विषय नको बदलू. म्हण, नऊशे सत्तर."

अभ्यास टाळायचा असला की पोरांना बरोबर असे प्रश्न सुचतात. वच्छलाबाईला रागही आला आणि कीवही. पोरीला आई नव्हती. चार वर्षांपूर्वी दुपारची जरा अंग टाकून झोपली ती उठलीच नाही. बाप, वैभव, राखेच्या टँकरवर. आठवड्यातून दोन दिवस घरी. उरली आजी.

आणि चूक या आजीचीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उमरेडची कोष्ट्याची लेक. अर्धा जन्म मागावर गेला, सूत विसाविसांनी मोजण्यात. पोरीला पहिली गणती तिनंच शिकवली, तीही विसांची. त्या गणतीत नऊशे ऐंशीनंतर एकदम हजार येतो, नव्वदला तिथं घरच नाही. शाळा शिकलेली असती तर पोरीचं असं नुकसान केलं नसतं, असं म्हणून तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

दोन दिवस तिनं तोंडातून वीस हद्दपार केले. भाकरी थापताना दहा-दहा, पाणी भरताना दहा-दहा. दामिनी आजीबरोबर म्हणायची, आजीपेक्षा भरभर म्हणायची, आणि नऊशे ऐंशीवर येऊन थांबायची. गुरुवारी संध्याकाळी वच्छलाबाई परातीसमोर बसून रडली. पोरीनं तिचे डोळे पुसले, पण नऊशे नव्वद काही म्हटलं नाही.

शुक्रवारी बसमध्ये दामिनी आजीला चिकटून बसली. आजीच्या पाठीवर हात ठेवून बसायची तिला सवयच होती.

शाळेतल्या बाई चांगल्या होत्या. हसून बोलल्या, खुर्ची दिली. दामिनीनं सुरुवात केली. शंभर गेले, पाचशे गेले. वच्छलाबाई पदराआड चिंचोका दाबून बसली होती.

"नऊशे सत्तर, नऊशे ऐंशी."

"छान. आणि मग?"

दामिनीनं आजीकडे बघितलं.

"नऊशे."

बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नऊशे. तिसऱ्या वेळेला बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"पुढच्या वर्षी बघू या, आजी. बाहेर अजून सहा मुलं बसलीत."

"बाई, पोरीले येते हो. मीच मेली तिले विसांनी शिकवून बसली. अजून एक डाव विचारा. तुमच्या पाया लागते." आणि ती खरंच वाकली. बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण जागा एकच होती.

दुपारी घरी आल्यावर वच्छलाबाईनं चपला काढल्या आणि तशीच चटईवर आडवी झाली. जेवायचं त्राण नव्हतं. पोरीसमोर रडायला नको म्हणून भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या वर्षापर्यंत पोरीच्या छातीचं काय होईल, याचा विचार करता करता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उंबऱ्यावरचं ऊन चुलीपर्यंत सरकलं होतं. तिनं डोळे उघडले नाहीत. पाठीवर इवलासा हात होता, आणि मागून अगदी हळू आवाज येत होता.

"नऊशे एकोणनव्वद. नऊशे नव्वद. नऊशे एक्क्याण्णव."

आवाज कुठं अडत नव्हता. संथ, एका लयीत पुढं चालला होता.

"नऊशे नव्व्याण्णव. हजार. एक हजार एक. एक हजार दोन."

वच्छलाबाईचा श्वास छातीतच अडकला.

मागचं मोजणं थांबलं. पाठीवरची बोटं लुगड्यात घट्ट रुतली.

वच्छलाबाईनं श्वास सोडला.

"एक हजार तीन," दामिनी म्हणाली.