शंभर टक्के हजेरी

दिगंबर ऑकलंडला वारला, तेव्हा वर्गमित्रांनी त्याच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते परस्पर शंभर टक्के हजेरीसाठी जाहीर करून टाकलं!

हेरंबने कपाळावर हात मारला. त्याच्या बाकावर बसणारा दिगंबर निम्मं वर्ष दांडी मारून खाडीत गळ टाकून बसायचा. पण एवढ्या लांबून समारंभाला आलेल्या त्याच्या बायकोसमोर हे बोलणार कसं?

बक्षीस द्यायला हेरंबलाच उभं केलं. बाईंनी विजेतीचं नाव दोनदा पुकारलं. कुणीच उठेना.

"बाई, ती आज आलीच नाही," मागून कुणीतरी ओरडलं.

हेरंबला हसू आवरेना. त्याने तोंडावर रुमाल दाबला, पण खांदे गदगदू लागले. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका, भावजी."

तेव्हा मात्र तो खरंच रडला.