सर्पमित्रांचा नंबर

"ताई, या आठवड्यात पाळी नाईकांची. वेबसाइटवर तेवढा नंबर बदला ना," सर्पमित्र मंडळाचे सबनीसकाका दर सोमवारी फोन करायचे. मंडळातले सगळेच नोकरी सांभाळून साप पकडणारे. वेबसाइट माझ्या गळ्यात.

शेवटी कंटाळून मी ती नव्याने केली. नंबरासाठी एकच चौकट, एकच बटण. काकांना शेजारी बसवून शिकवलं.

या सोमवारी त्यांचा फोन आला नाही. सुटले एकदाची, म्हणत मी चहा ओतला, तोच अनोळखी नंबरावरून फोन.

"मॅडम, मोरीत साप शिरलाय! लवकर या!"

मी वेबसाइट उघडली. चौकटीत माझा नंबर.

काकांना पत्ता कळवला आणि विचारलं, "माझा का टाकलात?"

"पण जमलं ना मला?" काका खुशीत होते. "अहो, आमच्यातलं कुणी फोनच उचलत नाही. तुम्ही कायम उचलता."